भागीदारी स्टार्टअपला, कर्ज भट्टीवाल्याला

सरकार धंद्यात भागीदार होत नाही म्हणणाऱ्यांना २०२४चा अ‍ॅग्रीशुअर फंड दाखवा. ७५० कोटींचा, केंद्राचे २५०, नाबार्डचे २५०. शेतीतल्या स्टार्टअपमध्ये सरकारी पैसा हिस्सा घेऊन उतरतो, बुडाला तर बुडाला. तत्त्व मुशारकाचंच की! मग मोहल्ल्यातल्या पाव-खारीच्या भट्टीवाल्याला वेगळा न्याय का? त्याच्यासाठी पीएमएफएमई: ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, पण आधी बँकेचं कर्ज मंजूर हवं. व्याज टाळणारा इथेच बाद. आणि पत्ता वाचूनच ज्याची फाइल बाजूला पडते, तोही. राजन समितीने २००८मध्ये बिनव्याजी बँकिंग सुचवलं, २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेने विषय मिटवला. ठीक. पण भट्टीत हिस्सा घ्यायला बँकिंग कायदा कुठे आडवा येतो? कोणता खासदार विचारणार हे?