निवारा फक्त रात्रीपुरताच का?

बेघर माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रात्रच उभी राहते. थंडीत गोणपाट पांघरून दुकानाच्या फळीवर निजलेला माणूस पाहिला की आपल्याला कणव येते. ही कणव उजाडताच ओसरते, आणि नवल असे की सरकारी निवारेही पुष्कळदा तिचेच वेळापत्रक पाळतात. सकाळी सात वाजता दार बंद! मग संध्याकाळपर्यंत त्या माणसाने जायचे कुठे?

कागदावर पाहाल तर कशाचीच वाण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांना बजावले की, दर एक लाख वस्तीमागे एक निवारा हवा आणि तो वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडा हवा. २०१३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू केले. त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना आली. माणशी पन्नास चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायला कप्पा, आठ-आठ तासांच्या पाळीने तीन काळजीवाहक, असे सारे नियमांत बसवले गेले. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांतून ९ लाख ३८ हजार बेघर मोजले गेले होते. त्या वर्षी एकट्या मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. न्यायालयाच्या हिशेबाने तिथे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तितके झाले नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ नको. निवारे खरोखर आहेत काय आणि पैसा कुठे गेला, हे पाहण्यासाठी न्यायालयाला २०१६ साली न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली. यातच सारे आले.

पण जे निवारे उभे राहिले, त्यांचे काय? राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामानिमित्त आम्ही काही विद्यार्थी आमच्या शहरातल्या एका निवाऱ्यात जात असू. इमारत पालिकेची, पैसा सरकारचा, कारभार एका संस्थेचा. पाटीवर ‘चोवीस तास’ असे ठळक अक्षरांत रंगवलेले. आणि दुपारी गेलो तर दाराला कुलूप. काळजीवाहक काका म्हणाले, “आठ महिने ग्रँट नाही बाळांनो. तिघांतले दोघे कमी केले. रात्री उघडतो हेच पुष्कळ समजा.” तपासणीला कुणी येत नाही काय, असे मी विचारले. “येतात की! साहेब रात्री येतात, डोकी मोजतात, रजिस्टरवर सही करतात.”

रजिस्टर मी पाहिले. एक खाडाखोड नाही. मला वाटते, दुखणे इथेच आहे. तपासणी रात्रीची, म्हणून निवारा रात्रीचा. सरकार जे मोजते तेवढेच संस्था सांभाळते. आणि हप्ता थकला की जे मोजले जात नाही त्यावर पहिली कुऱ्हाड पडते. संस्थेलाच दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. आठ महिने पगाराविना कोणते कार्यालय चालते?

दिवसा निवारा कशाला हवा, असे विचारणारे आहेत. आमच्या वर्गातही होते. “फुकट बसायची सवय लागेल” हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्या निवाऱ्यातला एक जण बाजारात रात्रभर ट्रक उतरवत असे. त्याची झोप दिवसाची. तो रात्री डोके मोजायला हजर नसे, आणि दिवसा निजायला गेला तर कुलूप! एका आजींना ताप होता. त्या दिवसभर बसस्थानकाच्या बाकावर बसून राहिल्या, औषधाची पुडी मात्र निवाऱ्याच्या कप्प्यात.

आणि या दिवसभराच्या भटकण्यालाही कायद्याची भीती आहेच. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने, निर्वाहाचे साधन दिसत नसताना भीक मागूनच जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणारा माणूसही भिकाऱ्यात मोडतो. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. (दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातील बरीच कलमे दिल्लीपुरती रद्द केली.) म्हणजे रात्री ज्याला सरकारने पांघरूण द्यायचे, त्यालाच सकाळी बाहेर काढून दुपारी पकडायचे!

काही प्राध्यापकांचे मत असे की, ही कामे समाजाच्या दानशूरपणावर सोडावीत; गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या त्या काय अनुदानावर? उदाहरण मोठे आहे. पण धर्मशाळेतला यात्रेकरू चार दिवसांनी घरी जातो, आणि गाडगेबाबा काही दर शहराला लाभत नाहीत. सरकारने पैसा द्यावा, तो वेळेवर द्यावा, आणि नंतर डोळ्यांत तेल घालून पाहावे. मात्र पाहण्याची वेळ बदलावी. न कळवता दुपारी दोन वाजता यावे. रजिस्टर उघडण्याआधी तिथे राहणाऱ्या चार माणसांशी बोलावे. आलेल्या हप्त्याची तारीख आणि रक्कम दारावर खडूने लिहिलेली असावी.

तपासणीच्या छापील पत्रकात ‘दुपारी उपस्थित’ असा एक रकाना वाढवावा, असा अर्ज आम्ही अकरा विद्यार्थ्यांच्या सह्यांनी पालिकेकडे दिला आहे. पोच मिळाली आहे. उत्तर यायचे आहे.