स्वाक्षरीची किंमत

या वेळी एका रहस्यकादंबरीविषयी. अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ १९६२ साली प्रसिद्ध झाली.

मरीना ग्रेग ही नामांकित अभिनेत्री इंग्लंडमधल्या एका खेड्यात हवेली घेऊन राहायला येते. तिथल्या समारंभात हेदर नावाची स्थानिक बाई तिला मोठ्या कौतुकाने जुनी आठवण सांगते. कित्येक वर्षांपूर्वी ती आजारी होती, तरीही अंथरुणातून उठली, चेहऱ्याला रंगरंगोटी केली आणि मरीनाला भेटून स्वाक्षरी घेऊन आली. थोड्याच वेळात विषारी पेय पिऊन हेदर मरते. विष मरीनासाठीच होते, असे सर्वांना वाटते. शोहरत असली की दुश्मनही आलेच!

खुनी कोण, ते सांगत नाही. एक धागा मात्र उलगडावा लागेल. हेदरचा तो आजार म्हणजे रुबेला, आणि त्या भेटीच्या वेळी मरीना गरोदर होती.

असेच दुःख हॉलिवूडच्या जीन टिअर्नी या अभिनेत्रीने प्रत्यक्ष भोगले. १९४३ मध्ये गरोदर असताना सैनिकांच्या मनोरंजन केंद्रातील कार्यक्रमाला गेल्यावर तिला रुबेला झाला. मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली. तिला ऐकू येत नव्हते, दृष्टी अधू होती आणि बौद्धिक वाढही खुंटली. पुढे एका चाहतीने तिला सांगितले की, आजारी असतानाही ती लपूनछपून त्या कार्यक्रमाला आली होती. त्या बाईला आपण काय केले याची कल्पनाच नव्हती. टिअर्नीला पुढे मानसिक आजारासाठी इस्पितळात राहावे लागले.

हेदर दुष्ट नाही. ती मदतीला धावणारी, प्रेमळ बाई आहे. पण आपल्या वागण्याचा समोरच्यावर काय परिणाम होईल, हा विचार तिच्या मनाला कधी शिवत नाही. चाहत्याला वाटते, प्रसिद्ध माणूस आपलाच आहे. त्यालाही शरीर आहे, घर आहे, पोटात बाळ असू शकते, हे तो विसरतो. सेल्फीसाठी गर्दीत घुसणाऱ्या आपल्या मुलामुलींशी यावर जरूर बोला.

आणि ही गोष्ट फक्त नटनट्यांची नाही. रुबेलात साधा ताप आणि पुरळ येते. मूल चार दिवसांत बरे होते. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला त्याची लागण झाली, तर बाळाचे डोळे, कान, हृदय धोक्यात येते. टिअर्नीच्या काळी लस नव्हती. आज ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते: पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. गोवर-रुबेला मोहीम शाळांत आली, तेव्हा अफवांमुळे काही पालकांनी मुलांना घरीच ठेवले. त्यांनी टिअर्नीची हकिकत ऐकायला हवी होती.

अंगावर पुरळ असलेले मूल शादी-दावतीला नेऊ नये. यजमान रुसले तरी चालतील. त्या मंडपात एखादी सून गरोदर असेल आणि तिने ते अजून कोणाला सांगितलेही नसेल.