तीन कारखाने, एक पेन्शन

सोलापुरात आजही कित्येक घरांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. पंचवीस-तीस वर्षं हेच काम, पण मालक एकच असेल असं नाही. एक कारखाना बंद पडला की दुसरा धरायचा, तिथं जमलं नाही की तिसरा. वयाची ५८ वर्षं झाली की पेन्शनचा विषय निघतो आणि उत्तर मिळतं, ‘‘मावशी, तुमची दहा वर्षं भरत नाहीत.’’

भरत नाहीत, की कागदावर दिसत नाहीत?

कायदा तसा बाईच्या बाजूचाच आहे. १९७७ साली विडी उद्योगाला प्रॉव्हिडंट फंड लागू झाला. घरी विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मान्य केलं. १९९५च्या पेन्शन योजनेत दहा वर्षं एकाच मालकाकडे काढायची अट नाही. तीन ठिकाणची वर्षं जोडून दहा झाली तरी चालतात. शिवाय मालकाने भरलेले आणि त्याच्याकडून येणं असलेले, असे दोन्ही हप्ते धरून सेवा मोजायची, असं योजनेतच म्हटलं आहे. म्हणजे मालकाने पैसे बुडवले तर त्याची शिक्षा बाईला नको.

मग घोडं अडतं कुठं? एका कार्डावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. जन्मतारीख अंदाजे टाकलेली. त्यात काम सुटलं की आपण पेन्शनचीही रक्कम काढून घेतो. मुलीचं लग्न असतं, आजारपण असतं, गरज खोटी नसते. पण त्या पैशांबरोबर ती वर्षंही जातात. त्याऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागून घेतलं, तर ती पुढच्या नोकरीत जोडता येतात.

पेन्शन काही फार मोठी नाही. २०१४ साली किमान रक्कम ठरली ती महिना १००० रुपये. पण औषधाच्या गोळ्यांसाठी सुनेपुढे हात पसरावा लागत नाही, याची किंमत कशी करणार?

खरं तर हिशेब ठेवणं हे मालकाचं आणि कार्यालयाचं काम. पुरावे मात्र मागतात, जिला धड सहीसुद्धा शिकवली नाही तिच्याकडे. हे बदलायलाच हवं. तोवर मैत्रिणींनो, पत्र्याच्या पेटीतली ती जुनी कार्डं आजच काढा आणि नावं जुळतात का ते बघा. स्वतःला वाचता येत नसेल तर लेकीला जवळ बसवा.