निद्रिस्त दप्तर, जागते हक्क

सरकारी कचेऱ्यांतील जुने दप्तर आता स्कॅन होऊन सर्व्हरवर साठत आहे. ज्या फायली वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, त्या महागड्या डिस्कवरून स्वस्त चुंबकीय फितीवर हलवाव्यात, हा विचार काटकसरीच्या दृष्टीने योग्यच होय. परंतु डहाणू-तलासरीसारख्या आदिवासी तालुक्यांत 'निष्क्रिय' कशास म्हणावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक उरत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये दावेदारास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. वनखात्याच्या दंडाची एखादी जुनी पावती अशा वेळी वारली कुटुंबाच्या जमिनीचा आधार ठरते. साठवणुकीतील बचत कचेरीच्या पदरात पडते. शोधाचा खर्च मात्र बुडालेल्या मजुरीच्या रूपाने दावेदार सोसतो.

महसुली अभिलेखांची अ, ब, क, ड ही वर्गवारी येथे मार्गदर्शक ठरावी. 'अ' वर्गाचा कागद कायम जपावयाचा असतो, मग तो कितीही वर्षे कोणी उघडलेला नसो. हीच शिस्त सर्व्हरलाही लावावी. फायली खुशाल हलवाव्यात. पण त्यांची गावनिहाय सूची तहसील कचेरीत राहावी आणि मागितलेली नक्कल ठरलेल्या मुदतीत मिळावी. त्याविना केलेली काटकसर ही गरिबावर लादलेला अप्रत्यक्ष करच ठरेल.