सुईणीला शिकवू, पण रस्त्याचं काय?

शहापूर-मुरबाडच्या डोंगरातल्या पाड्यांवर आम्ही सुईणींना शिकवायला गेलो. हात साबणाने धुवा, नाळ नव्या ब्लेडने कापा, रक्त थांबत नसेल तर बाईला लगेच दवाखान्यात हलवा. एक म्हातारी सुईण म्हणाली, "हलवू की! पण कशात? पावसात डोलीच लागते."

आम्ही गप्प झालो.

शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसाचं पाणी मुंबईला पोचतं. इथल्या अनेक पाड्यांवर रुग्णवाहिका पोचत नाही. २००५ पासून जननी सुरक्षा योजना दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे देते. चांगलंच आहे. पण वाटेतच बाळ आलं तर ते झेलणाऱ्या बाईचं मोल काय?

गावगाड्याने हे काम 'विटाळाचं' ठरवून मातंग बाईच्या माथी मारलं. पाड्यावरच्या आदिवासी सुईणीला अडाणी म्हटलं. दोघींच्या हातातल्या विद्येला विद्या कुणी म्हटलं नाही.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या बाळंतपणाच्या सवलतीची बाजू मांडली आणि त्याचा भार सरकारने उचलावा, असं सांगितलं. मग पाड्यावरच्या बाईचा भार डोली उचलणाऱ्यांच्याच खांद्यावर का?

प्रशिक्षण देऊच. पण रस्ता आणि सुईणीचं मानधन मागितल्याशिवाय आमचं काम अर्धंच.

जय भीम!