सकाळी गाडी का गुरगुरते?

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा काही दिवस 10 अंशांखाली उतरतो. फजरनंतर कोंढव्यात गाड्या सुरू होऊ लागल्या की इंजिन आधी जोरात गुरगुरते, मग मिनिट-दोन मिनिटांत आपोआप शांत होते. हा बिघाड नव्हे.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ऑइलही घट्ट झालेले असते. म्हणून गाडीतला संगणक पेट्रोल जास्त सोडतो आणि फेरे वाढवतो. एरवी मिनिटाला 700-800, तेव्हा 1200 किंवा त्याहून जास्त. जुन्या पद्मिनीत हेच काम चोक ओढून करावे लागे. अब्बांच्या पिढीला तो कधी आत ढकलायचा हे नुसत्या आवाजावरून कळायचे!

धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण 250-300 अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. त्यामुळे पहिल्या मिनिटांचा धूर सर्वांत वाईट. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून मुलांना आत बसवणे जिवावर बेतू शकते. डबे, दप्तरे, स्वेटर सगळे आधी आवरा, शटर उघडा, चावी शेवटी फिरवा.

दहा मिनिटे उभ्या जागी तापवायचीही गरज नाही. अर्धा मिनिट थांबून निघावे, पहिले एक-दोन किलोमीटर हळू जावे. चालत्या गाडीचे इंजिन लवकर तापते. रेस तर मुळीच देऊ नये.

तापल्यावरही फेरे उतरले नाहीत, तर मात्र मेकॅनिकला दाखवा. थ्रॉटल बॉडीत काजळी साचलेली असू शकते, किंवा तापमानाचा सेन्सर गेलेला.