अनुदान दुकानाला, भूक इनुइटांच्या घरी

कॅनडाच्या उत्तर टोकाला नुनावुत हा इनुइट या आदिवासी जनतेचा प्रदेश आहे. वस्त्या २५, पण त्यांना एकमेकींशी जोडणारा रस्ता नाही. माल येतो विमानाने, किंवा उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने. मग अन्न महागच असणार, असे म्हणून सत्ताधारी हात झटकतात. पण सगळे खापर बर्फावर फोडता येईल काय?

२०११ साली कॅनडा सरकारने ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ योजना आणली. अनुदान दुकानदार व पुरवठादारांना द्यायचे आणि त्यांनी भाव कमी करायचे, अशी ही व्यवस्था. २०१४ साली महालेखापरीक्षकांनीच दाखवून दिले की, पूर्ण अनुदान ग्राहकापर्यंत पोहोचते की नाही, हे सरकारने तपासलेलेच नाही! २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत नुनावुतमधील निम्म्याहून अधिक घरांना पुरेसे अन्न परवडत नसल्याचे आढळले.

हा समाज मुळात कुणापुढे हात पसरणारा नव्हता. सील, कॅरिबू, चार मासा हे त्याचे अन्न आणि वाटून खाणे ही त्याची रीत. आज मात्र शिकारीला स्नोमोबाईल, पेट्रोल, काडतुसे लागतात. त्यासाठीचा रोख पैसा सीलच्या कातड्यातून येई. १९८३ आणि २००९ साली युरोपने सील-मालावर बंधने घातली. इनुइटांना दिलेली सूट कागदावर राहिली, बाजार कोसळला.

म्हणूनच तेथील छोट्या अन्नव्यवसायांकडे पाहिले पाहिजे. रँकिन इनलेटचे ‘किवालिक आर्क्टिक फूड्स’ आणि केंब्रिज बेचे ‘किटिकमिओट फूड्स’ हे सार्वजनिक महामंडळाचे कारखाने स्थानिकांकडून मासे व मांस घेऊन त्यावर प्रक्रिया करतात. राजधानी इकालुइटमध्ये २०१० साली शिकाऱ्यांनी थेट मांस विकण्याचा बाजार भरू लागला. १९९३ च्या भूमी-करारानेच इनुइटांना आपली शिकार विकण्याचा हक्क दिला आहे.

जे वाटून खायचे ते विकायचे कसे, हा प्रश्न त्या समाजातच विचारला जातो. तो रास्तही आहे. पण पेट्रोलचा खर्च निघाला नाही तर शिकारी घरीच बसेल. मग वाटायला तरी काय उरेल?

२०२० साली शिकाऱ्यांसाठी वेगळे अनुदान सुरू झाले, हे योग्य पाऊल. मात्र खरा प्रश्न पैसा किती हा नाही, तो कुणाच्या हाती हा आहे. ज्यांच्या नावाने योजना निघते, त्यांच्या हाती तिची सूत्रे नसतील, तर अनुदान वाढेल आणि भूक तशीच राहील.